रिफंड खात्यात आला, आता काय? खर्च, शिल्लक की गुंतवणूक : नाशिककरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी सिडकोत त्रिमूर्ती चौकाजवळ एका छोट्या ऑफिसात बसून पगारदारांची आणि पेन्शनरांची रिटर्न भरते. जून-जुलैत रांग असते ती रिटर्नसाठी. गणपतीपासून दिवाळीपर्यंत फोन येतात ते दुसऱ्याच कारणासाठी : "मॅडम, रिफंड आला. आता काय करू?" त्या फोनवर जे पुन्हा पुन्हा बोलावं लागतं ते इथे एकत्र लिहिलं आहे. रकमा बहुतेक वेळा वीस ते साठ हजारांच्या घरातल्या असतात. श्रीमंत होण्याइतकी ही रक्कम नाही. पण नीट लावली तर घरातला एखादा कायमचा ताण त्यातून मिटू शकतो.

रिबेट आणि रिफंड एकच ना?

नाही. रिबेट म्हणजे हिशेबात वजा होणारी करसवलत, ती रोख हातात येत नाही. रिफंड म्हणजे तुमच्याकडून जास्त कापला गेलेला कर परत मिळणं.

रिबेटची गंमत अशी की तिचे पैसे कुणाला दिसतच नाहीत. नव्या करप्रणालीत २०२५-२६ या आर्थिक वर्षापासून १२ लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर ६०,००० रुपयांपर्यंत रिबेट मिळते आणि कर शून्य होतो. पगारदाराला ७५,००० ची प्रमाणित वजावट असते, म्हणून पगारापुरती ही मर्यादा १२.७५ लाखांवर जाते. आता १२.७५ लाख पगार असलेला माणूस घ्या. २०२४-२५ मध्ये त्याला उपकरासह ८३,२०० रुपये कर बसत होता. पुढच्या वर्षी शून्य. म्हणजे महिन्याला साधारण ६,९०० रुपये पगारातून कापले जायचे थांबले. मी अशा लोकांना विचारते, ते ६,९०० कुठे जातात? कुणालाच सांगता येत नाही. रिफंडचं काय करायचं याचा आपण आठवडाभर विचार करतो, आणि दरमहा हळूच वाढलेले पैसे भाजीबरोबर, रिचार्जबरोबर निघून जातात. तुम्हाला रिबेटचा फायदा झाला असेल तर पगाराच्या दुसऱ्याच दिवशी तेवढ्या रकमेची आवर्ती ठेव किंवा एसआयपी (म्युच्युअल फंडात दरमहा ठरावीक रक्कम) लावून टाका. त्याला मुहूर्त लागत नाही.

एक खबरदारी. शेअर विकून झालेल्या नफ्यावर जो विशेष दराने कर लागतो, त्याला ही रिबेट लागू नाही. "बारा लाखांच्या आत आहे, कर नाहीच" असं धरून चाललेल्यांना इथे धक्का बसतो.

रिफंड म्हणजे एक प्रकारचा बोनसच नाही का?

अंबडच्या एका कारखान्यात सीएनसीवर (संगणकाने चालणाऱ्या यंत्रावर) काम करणारे एक गृहस्थ माझ्याकडे आले होते. रिफंड ३८,४०० रुपये. घरात मोठ्या टीव्हीची चर्चा सुरू झाली होती, मुलाने मॉडेलसुद्धा ठरवलं होतं. मी त्यांच्यासमोर कॅल्क्युलेटर सरकवला आणि १२ ने भागायला सांगितलं. आकडा आला ३,२००. मग विचारलं, "गेल्या एप्रिलपासून दरमहा पगारात ३,२०० जास्त आले असते तर काय केलं असतं?" क्षणाचाही विचार न करता ते म्हणाले, "कार्डाचं भरलं असतं."

हेच माझं या सगळ्या विषयावरचं म्हणणं आहे. हा पैसा नवा नाही. तुमच्याच बारा पगारांतून थोडा थोडा जास्त कापलेला, एकदम परत आलेला पैसा आहे. एकगठ्ठा आला म्हणून तो एकगठ्ठा उडतो. म्हणून रिटर्न भरल्यावर रिफंडचा आकडा दिसतो, त्याच दिवशी त्यावर कामाचं नाव लिहून ठेवा. पैसे खात्यात पडल्यावर ठरवू म्हणाल तर ठरवायचं काम दुकानदार करतो.

मग सगळ्यात आधी कशाला हात घालायचा?

क्रेडिट कार्डाची थकबाकी, ॲपवरून घेतलेलं झटपट कर्ज, हातउसने घेतलेले व्याजी पैसे. यातलं काही डोक्यावर असेल तर बाकीचे प्रश्न वाचायचीही घाई नाही.

वरच्या गृहस्थांनी शर्टाच्या खिशातून घडी घातलेलं कार्डाचं बिल काढलं. "एकूण देय" २२,००० च्या आसपास, आणि दर महिन्याला ते भरत होते "किमान देय", कारण त्या आकड्याभोवती ठळक चौकट होती. महिन्याला साडेतीन टक्के व्याज, म्हणजे ७७० रुपये. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी १३९. दरमहा नऊशे रुपये फक्त कर्ज जागच्या जागी ठेवायला. वर्षाचे जवळजवळ ११,०००. तेच २२,००० सात टक्क्यांच्या एफडीत ठेवले तर वर्षाला १,५४० मिळतील. ज्याच्या डोक्यावर कार्डाचं देणं आहे त्याच्यासाठी कार्ड फेडणं हीच सगळ्यात चांगली गुंतवणूक, आणि तिला बाजाराची जोखीम नाही.

त्यांनी त्याच दिवशी मोबाइलवरून सगळी थकबाकी भरली. टीव्ही त्या दिवाळीत आला नाही. उरलेल्या सोळा हजारांचं काय केलं ते पुढे येईल.

घरकर्ज चालू आहे. रिफंड त्यात भरू का?

कार्डाचं देणं नसेल आणि अडीनडीची शिल्लक बाजूला असेल, तर हो, हा उत्तम मार्ग आहे. विशेषतः कर्ज नवीन असेल तर.

हिशेब करून पाहा. २० लाखांचं कर्ज, २० वर्षं, साडेआठ टक्के. हप्ता सुमारे १७,३५६. सुरुवातीच्या महिन्यांत ४०,००० जास्तीचे भरले आणि हप्ता तोच ठेवला, तर शेवटचे साधारण १२ हप्ते भरावे लागत नाहीत. म्हणजे दोन लाखांहून जास्त रक्कम. तेच ४०,००० अठराव्या वर्षी भरले तर फार काही हाती लागत नाही, कारण तोवर व्याज भरून झालेलं असतं.

तरत्या व्याजदराच्या वैयक्तिक घरकर्जावर मुदतीआधी पैसे भरल्याबद्दल दंड घेता येत नाही. बँकेत अर्ज देताना "हप्ता तोच ठेवा, मुदत कमी करा" असं स्पष्ट लिहा. हे तोंडी सांगून आलात तर पुढच्या महिन्यात खात्यावर एकदा नजर टाका.

आमचं घर निफाडकडे, बाग आहे. मी पगारदार, वडील शेती बघतात. रिफंड बागेत घालू का?

हा प्रश्न नाशिकबाहेर फारसा कुणाला पडत नसेल. रिफंड येतो ऑगस्ट-सप्टेंबरात आणि द्राक्षाची गोडी छाटणी येते ऑक्टोबरच्या आसपास. औषधं, मजुरी, डिपिंग (घड औषधात बुडवणं), सगळा खर्च एकदम अंगावर येतो. त्यामुळे मुलाचा रिफंड बागेत जाणं हे आपल्याकडे घरोघरी आहे, आणि त्यात वावगं काही नाही.

फक्त कोणतं देणं आधी द्यायचं ते बघा. मुदतीत फेडलेलं ३ लाखांपर्यंतचं पीक कर्ज केंद्राची व्याजसवलत आणि राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना धरून बिनव्याजी पडतं. इतकं स्वस्त कर्ज तुम्हाला दुसरं मिळणार नाही. ते आधी फेडून टाकण्याची घाई नको. मुदत मात्र एक दिवसही चुकवायची नाही, कारण ती चुकली की सवलत जाते. औषधाच्या दुकानातली उधारी मात्र महाग असते. व्याज वेगळं लिहिलेलं नसलं तरी उधारीचा भाव आणि रोखीचा भाव यांतला फरक म्हणजे व्याजच. दुकानात दोन्ही भाव विचारा. रोखीत पाच-सात टक्के सुटत असतील आणि उधारी तीन महिन्यांत फेडायची असेल, तर वार्षिक हिशेबाने ते वीस टक्क्यांच्या वर जातं. रिफंड तिथे घाला.

आणि वडिलांना दिलेल्या पैशांची वहीत नोंद ठेवा. घरातले व्यवहार म्हणून कुणी लिहीत नाही, मग भावाभावांत वाटणीच्या वेळी तेच निघतं.

अडीनडीसाठी किती ठेवायचे, आणि कुठे?

किमान तीन महिन्यांचा घरखर्च. नोकरी कंत्राटी असेल तर सहा. सातपूर-अंबडला गाड्यांच्या सुट्या भागांचे कितीतरी कारखाने मोठ्या कंपन्यांच्या ऑर्डरवर चालतात. ऑर्डर कमी झाली की आधी ओव्हरटाइम जातो, मग कंत्राटी माणूस. ज्यांनी हे २०२० मध्ये पाहिलं त्यांना मला समजवावं लागत नाही.

एक गोष्ट कंपनीतल्या लोकांनी खास लक्षात घ्या. ईएसआयसीची (कामगारांच्या सरकारी आरोग्य विम्याची) पगारमर्यादा २१,००० रुपये आहे. पगार त्याच्या वर गेला की चालू अंशदान कालावधी संपल्यावर ते संरक्षण थांबतं. पगार वाढल्याचे पेढे वाटले जातात आणि त्याच वेळी घराचा दवाखान्याचा आधार गेलेला असतो. अशा वर्षी आलेल्या रिफंडचं पहिलं काम म्हणजे कुटुंबाचा आरोग्य विमा. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य आणि आयुर्विम्याच्या हप्त्यावरचा जीएसटी शून्य झाला आहे, आधी तो १८ टक्के होता. सीएनसीवाल्या गृहस्थांच्या सोळा हजारांतला मोठा भाग इथेच गेला.

अडीनडीचा पैसा पगाराच्या खात्यात ठेवू नका, तिथे तो दिसत राहतो. दुसऱ्या बँकेत एफडी करा, आणि ती एकच मोठी करण्याऐवजी १०-१० हजारांच्या तीन-चार करा. रात्री अकराला हॉस्पिटलमध्ये डिपॉझिट मागितलं तर एक मोडता येते, बाकीच्या चालू राहतात.

पतसंस्था एक टक्का जास्त देते. तिथे ठेवू?

५०,००० वर एक टक्का म्हणजे वर्षाला ५०० रुपये. या ५०० रुपयांसाठी आपण काय सोडतो ते बघा.

बँकेतल्या ठेवींना ठेव विमा महामंडळाचं संरक्षण असतं. दर बँकेमागे, दर ठेवीदाराला, मुद्दल आणि व्याज मिळून ५ लाखांपर्यंत. फेब्रुवारी २०२० पर्यंत हे १ लाखच होतं. सहकारी बँकांनाही हे संरक्षण आहे. पतसंस्थांना नाही. बहुराज्यीय पतसंस्थांनाही नाही, त्यांच्या पाटीवर कितीही मोठं नाव असो.

माझ्या आईची ठेव एका पतसंस्थेत अडकली होती. संचालक गल्लीतलेच, रोजच्या ओळखीचे, म्हणून ठेवली होती. काउंटरवरची मुलगी दर वेळी नम्रपणे "पुढच्या महिन्यात या काकू" म्हणायची. आई पासबुक प्लास्टिकच्या पिशवीत घालून, ती पिशवी पर्समध्ये ठेवून जायची आणि तशीच परत आणायची. अडीच वर्षं. मुद्दल तुकड्यातुकड्यांनी मिळालं, व्याज सोडून द्यावं लागलं. चांगल्या चालवलेल्या पतसंस्था आहेत, मी नाकारत नाही. पण अडीनडीचा पैसा तिथे ठेवू नका.

आणि भिशी?

घरातली, दहा-बारा जणींची, ठरावीक क्रमाने उचलायची भिशी ही ओळखीवर चालते. हप्ता रोजच्या खर्चातून झेपत असेल तर खेळा. रिफंड आला म्हणून मोठ्या हप्त्याची नवी भिशी धरू नका. रिफंड एकदाच येतो, भिशीचा हप्ता दर महिन्याला येतो. लिलावाच्या भिशीपासून लांबच राहा.

दसऱ्याला सोनं घ्यायचं आहे. ही गुंतवणूकच ना?

घ्यायचंच असेल तर का घेतोय ते आधी मनाशी ठरवा. मुलीच्या लग्नासाठी दरवर्षी थोडं थोडं जमवताय, अंगावर घालायला हवंय, तर सराफ बाजारात जाऊन आनंदाने दागिना घ्या. त्याला गुंतवणूक म्हणायचीही गरज नाही.

भाव वाढेल म्हणून घेत असाल तर दागिना नको. ५०,००० चं सोनं घेतलंत तर त्यावर ३ टक्के जीएसटी म्हणजे १,५००. मजुरी नगागणिक वेगळी असते. ती १२ टक्के धरली तर ६,०००, आणि मजुरीवरचा कर वेगळा. म्हणजे दुकानाच्या पायऱ्या उतरेपर्यंत साडेसात हजार गेले, आणि मोडायला गेलात की त्यातलं काही परत येत नाही. वळं किंवा नाणं घेतलं तर मजुरी बरीच वाचते. हॉलमार्कबरोबर सहा अंकी-अक्षरी एचयूआयडी क्रमांक दागिन्यावर कोरलेला असतो. बीआयएसच्या (भारतीय मानक संस्थेच्या) केअर ॲपमध्ये तो टाकून दुकानात उभ्या उभ्या तपासा. सराफाला राग येत नाही, आणि आलाच तर दुसरं दुकान शेजारी आहे. सरकारी सुवर्णरोख्यांचे नवे इश्यू फेब्रुवारी २०२४ नंतर आलेले नाहीत. दागिना नको असणाऱ्यांनी गोल्ड ईटीएफचा (शेअर बाजारात विकत घेता येणाऱ्या, सोन्याच्या भावाशी जोडलेल्या फंडाचा) विचार करावा.

सिंहस्थामुळे जमिनीचे भाव वाढणार म्हणतात. रिफंड टोकन म्हणून देऊन प्लॉट धरू?

२०२७ चा सिंहस्थ जसा जवळ आला तशी ही विचारणा वाढली. "आज ५०,००० भरा, प्लॉट तुमच्या नावाने राखून ठेवतो." माझं उत्तर सरळ आहे : टोकनपुरते पैसे आहेत म्हणून जमीन घेऊ नका. टोकन दिल्यावर उरलेले दहा-पंधरा लाख उभे राहिले नाहीत तर टोकन बुडतं, आणि ते बुडवण्यावरच काही जणांचा धंदा चालतो.

खरंच घ्यायचा असेल, उरलेल्या पैशांची सोय असेल, तर सातबारा आणि फेरफार ताजे काढा, बिनशेतीचा आदेश मागा, आणि प्रकल्पाचा महारेरा (राज्याचं स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरण) क्रमांक त्यांच्या पोर्टलवर टाकून बघा. नोंदणीकृत प्रकल्पात करारनामा रजिस्टर होण्याआधी किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. पावतीशिवाय पैसे देऊ नका, रोखीने तर नकोच.

म्युच्युअल फंडात एकदम घालू की एसआयपी करू?

रक्कम तीस-चाळीस हजार असेल तर या प्रश्नावर झोप घालवू नका. मनाला टोचत असेल तर लिक्विड फंडात (कमी जोखमीच्या, अल्प मुदतीच्या) ठेवून सहा महिन्यांत थोडे थोडे इक्विटी फंडात (शेअरमध्ये गुंतवणाऱ्या) वळवा. खरा प्रश्न किती दिवसांसाठी घालताय हा आहे. २०२० मध्ये जानेवारीतल्या उंचीवरून २३ मार्चपर्यंत निफ्टी (शेअर बाजाराचा निर्देशांक) जवळजवळ ३८ टक्के पडला होता. ४०,००० चे २५,००० झालेले तुम्ही बघू शकाल का, आणि तेव्हा ते काढायची वेळ येणार नाही ना? पाच-सात वर्षं हात लावायचा नसेल तरच. मुलीची पुढच्या जूनमधली फी इक्विटी फंडात ठेवायची नाही.

साधा इंडेक्स फंड (निर्देशांकातलेच शेअर घेणारा) पुरतो. स्वतः करता येत असेल तर डायरेक्ट प्लॅन (मध्यस्थाशिवाय), नाही तर नोंदणीकृत वितरकाकडून. व्हॉट्सॲप ग्रुपवर टिप देणाऱ्याकडे सेबीची (शेअर बाजाराच्या नियामकाची) नोंदणी आहे का ते सेबीच्या संकेतस्थळावर बघता येतं. इक्विटी फंड एक वर्षानंतर विकल्यास वर्षाला सव्वा लाखापर्यंतच्या नफ्यावर कर नाही, त्यापुढे साडेबारा टक्के.

पोस्टातल्या योजना आता जुन्या झाल्या का?

मुळीच नाही. मला स्वतःला बाजारापेक्षा इथे जास्त शांत वाटतं, आणि माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या लोकांना हेच योग्य आहे.

पीपीएफला (सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी) २०२० च्या एप्रिलपासून ७.१ टक्के दर चालू आहे. पंधरा वर्षांची मुदत, वर्षाला दीड लाखाची मर्यादा, व्याज करमुक्त. एक बारीक गोष्ट पाठ करून ठेवा : व्याज ५ तारीख ते महिनाअखेर या काळातल्या सर्वात कमी शिलकेवर मोजतात. रिफंड ४ तारखेला आला तर त्याच दिवशी भरा. ६ ला भरलात तर त्या महिन्याचं व्याज गेलं. मुलगी दहा वर्षांच्या आतली असेल तर सुकन्या समृद्धी, २०२५ मध्ये ८.२ टक्के. राष्ट्रीय बचत प्रमाणपत्र पाच वर्षांचं, ७.७ टक्के. सरकार हे दर तिमाहीला ठरवतं, म्हणून भरायच्या दिवशी पोस्टातला फलक वाचा.

नव्या करप्रणालीत ८० सी ची (पीपीएफ, विमा अशा बचतीवरची) वजावट नाही. तरीही पीपीएफ भरायचा का, असं विचारतात. बचत कर वाचवण्यापुरतीच करायची होती का?

वडील निवृत्त आहेत, त्यांना दरवर्षी रिफंड येतो. त्याचं काय करावं?

आधी तो येऊच नये असं करा. ओझरच्या कारखान्यातून निवृत्त झालेले एक आजोबा दरवर्षी एफडीच्या व्याजावर कापलेला टीडीएस (पैसे देतानाच कापलेला कर) परत मिळवण्यासाठी माझ्याकडे यायचे, दोन बस बदलून. त्यांचं एकूण उत्पन्न करमर्यादेच्या आतलं. दर एप्रिलमध्ये बँकेत स्वयंघोषणापत्र दिलं, ज्याला आपण सगळे १५ एच म्हणून ओळखतो, तर टीडीएस कापलाच जात नाही. शिवाय १ एप्रिल २०२५ पासून ज्येष्ठांच्या बँकव्याजावरची टीडीएसची मर्यादा वर्षाला १ लाख केली आहे. फेऱ्या बऱ्याच कमी झाल्या.

यंदा आलाच असेल, तर ज्येष्ठ नागरिक बचत योजना बघा. साधारणपणे ६० वर्षं पूर्ण हवीत, २०२५ मध्ये ८.२ टक्के, पाच वर्षं, ३० लाखांपर्यंत, व्याज दर तिमाहीला हातात. खातं उघडताना जो दर असेल तो मुदतभर तोच राहतो. पण त्याआधी त्यांना चष्मा बदलायचाय का, कानाचं यंत्र हवंय का, हे विचारा. स्वतःहून सांगत नाहीत ते.

थोडे तरी स्वतःवर खर्च करू नयेत का?

करावेत. देणी नसतील तर रिफंडचा दहावा हिस्सा बिनहिशेबी खर्च करा, असं मी नेहमी सांगते. सगळाच पैसा कुलपात टाकणारं घर दोन वर्षांत कंटाळतं आणि मग एकदमच सगळं उधळतं.

काही खर्च तर बचतीपेक्षा शहाणपणाचे असतात. पाच वर्षं टाळलेलं दातांचं काम. पावसाळ्याआधी गच्चीचं वॉटरप्रूफिंग. सीएनसी प्रोग्रॅमिंगचा कोर्स, ज्याने ऑपरेटरचा सेटर होतो. सातपूरच्या एका बाईंनी रिफंडमधून शिलाईचं जुनं यंत्र देऊन पिको-फॉलचं घेतलं, आता त्या संध्याकाळी घरीच काम करतात. एका शिक्षिकेने येवल्याला जाऊन आईसाठी हातमागाची पैठणी आणली, तीन वर्षांचे रिफंड साठवून. त्यांनी मला मोबाइलवर फोटो दाखवला, आई आरशासमोर पदर हातात धरून उभी होती. मी त्यांना एफडीचं नावही काढलं नाही.

बायकोच्या नावावर एफडी केली तर कर वाचेल?

तुमच्या पैशातून केली असेल तर व्याज तुमच्याच उत्पन्नात धरलं जातं. आई-वडिलांना दिलेल्या पैशांच्या बाबतीत तसं नाही, तिथे व्याज त्यांचं. पत्नीच्या पीपीएफमध्ये भरलेत तर व्याज करमुक्तच असल्याने प्रश्न येत नाही. आणि कर वाचो न वाचो, घरातल्या बाईच्या स्वतःच्या नावावर, तिला स्वतः काढता येतील असे काही पैसे असावेत, असं माझं ठाम मत आहे.

आलेल्या रिफंडवर कर लागतो का?

मूळ रिफंडवर नाही. त्यावर खात्याने दिलेल्या व्याजावर लागतो. मुदतीत रिटर्न भरलं असेल तर १ एप्रिलपासून महिन्याला अर्धा टक्का व्याज मिळतं. ४०,००० चा रिफंड सप्टेंबरात आला तर सहा महिन्यांचे १,२००. ते पुढच्या वर्षीच्या रिटर्नमध्ये "इतर उत्पन्न" म्हणून दाखवा, एआयएसमध्ये (खात्याकडच्या तुमच्या वार्षिक माहिती पत्रकात) ते दिसतंच. रिफंड एकूण कराच्या १० टक्क्यांहून कमी असेल तर व्याज मिळत नाही.

शेजाऱ्यांचा आला, माझा नाही. किंवा कमी आला.

रिटर्न भरल्यावर ३० दिवसांत ई-व्हेरिफाय केलं का? बँक खातं पोर्टलवर प्रमाणित आहे का, पॅन-आधार जोडलेलं आहे का? बहुतेक वेळा यातलंच एक असतं. कमी आला असेल तर आयकर खात्याच्या बंगळुरूच्या केंद्रातून आलेलं कलम १४३(१) चं पत्र ईमेलमध्ये शोधा, फरक ओळीओळीने दिलेला असतो. जुनी थकबाकी असेल तर ती रिफंडमधून वळती करतात, पण त्याआधी कळवतात. म्हणून खात्याचे ईमेल उघडत जा.

एकजण म्हणतो, "जास्त रिफंड काढून देतो, मला टक्का द्या."

त्याला तिथूनच परत पाठवा. न भरलेलं घरभाडं, न दिलेली देणगी, नसलेलं शैक्षणिक कर्ज दाखवून रिफंड वाढवतात. जुलै २०२५ मध्ये आयकर खात्याने याच कारणासाठी देशभरात १५० ठिकाणी तपासण्या केल्या. सही तुमची असते, त्याची नाही. उत्पन्न चुकीचं दाखवल्याचं ठरलं तर चुकवलेल्या कराच्या दुप्पट दंड होऊ शकतो. कुणाकडून असं झालं असेल तर घाबरून गप्प बसू नका. अद्ययावत विवरणपत्र (आयटीआर-यू) आता चार वर्षांपर्यंत भरता येतं. जादा कर द्यावा लागतो, आणि जितका उशीर तितका तो वाढतो.

"तुमचा रिफंड मंजूर झाला, लिंकवर क्लिक करा" असा मेसेज आला आहे.

क्लिक करू नका. रिफंड थेट प्रमाणित खात्यात जमा होतो, त्यासाठी ओटीपी, पिन, कार्ड नंबर काहीही लागत नाही. चुकून माहिती दिली असेल तर आधी १९३० ला फोन करा, मग बँकेला. पहिला तासच महत्त्वाचा असतो, लाज वाटून संध्याकाळपर्यंत थांबू नका.

पुढच्या वर्षीपासून एवढा रिफंड नको, पैसे दरमहाच हातात हवेत. काय करू?

एप्रिलमध्ये कंपनीच्या पगार विभागाला कोणती करप्रणाली हवी ते लेखी कळवा. न कळवल्यास नवी धरून कर कापला जातो. जुनी निवडली असेल तर भाडेपावत्या, विमा, गृहकर्जाचं व्याज यांची कागदपत्रं वेळेत द्या. जानेवारीत मागतात तेव्हा "नंतर देतो" म्हटलं की फेब्रुवारी-मार्चचा पगार निम्म्यावर येतो, आणि तोच पैसा सप्टेंबरात रिफंड होऊन परत येतो. वर्षात नोकरी बदलली असेल तर आधीच्या पगाराचा आणि टीडीएसचा तपशील नव्या कंपनीला द्या, तो दिला नाही तर मार्चनंतर उलटा कर भरावा लागतो. मग मे महिन्यात पगाराची पावती घेऊन बसा, टीडीएसच्या रकान्यातला आकडा गेल्या वर्षीच्या आकड्याशेजारी लिहा, आणि जेवढा कमी झाला असेल तेवढ्याची आवर्ती ठेव त्याच दिवशी सुरू करा.